कारागिराची स्वतःची खुर्ची

दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभे राहून केस कापण्यात एखाद्या माणसाचे अर्धे आयुष्य गेले, तरी त्या खुर्चीविषयी त्याला काय वाटते हे त्याला कोणी विचारत नाही. खुर्चीत बसलेला आरशात स्वतःला न्याहाळत असतो आणि मालकाचे लक्ष गल्ल्याकडे असते. चौकातल्या सलूनमधल्या कारागिराला मात्र हा प्रश्न बरीच वर्षे छळत होता. अर्थात त्याला कोणता प्रश्न छळत नसे, हे सांगणेच अधिक कठीण.

लोक त्याला चौकशीमास्तर म्हणत. गिऱ्हाइकाच्या मानेभोवती कापड बांधले, पाण्याचा फवारा मारला आणि कंगवा हातात घेतला, की त्याचे सुरू होई. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला तो विचारी, “लिफ्ट मधेच अडकली तर आतली हवा संपते का हो?” पोस्टमनला विचारी, “पत्ताही चुकलेला आणि पाठवणाऱ्याचं नावही नाही, असं पत्र शेवटी जातं कुठे?” एका डॉक्टरांना त्याने विचारले होते, “तुम्ही आजारी पडलात तर स्वतःचं ऐकता का?” डॉक्टरांनी उत्तर न देता डोळे मिटून घेतले. मास्तरांनीही घाई केली नाही. दाढीची वेळ आली, वस्तरा गळ्यापाशी पोचला, तेव्हा त्यांनी तोच प्रश्न पुन्हा शांतपणे विचारला. “नाही ऐकत,” डॉक्टर ओठ न हलवता म्हणाले.

“वस्तरा गळ्यावर असला की माणूस खोटं बोलत नाही,” मास्तर घरी येऊन बायकोला सांगत.

“मग एकदा तुमच्या शेठच्या गळ्यावर धरा,” बायको म्हणे, “आणि अर्ध्याचं काय ते विचारून घ्या.”

हे अर्धे म्हणजे त्या धंद्यातला जुना करार. दुकान मालकाचे, खुर्ची मालकाची, आरसा मालकाचा, आणि हात कारागिराचे. म्हणून कमाईचा अर्धा भाग मालकाचा. कागदावर तो कधी लिहिला गेला नव्हता. न लिहिलेले करार अधिक काटेकोरपणे पाळले जातात, विशेषतः दुबळ्या बाजूकडून. एकदा दुपारच्या रिकाम्या वेळी मास्तरांनी विषय काढला होता.

“शेठ, कमाईत माझे हात अर्धे आणि तुमची खुर्ची अर्धी, बरोबर?”

“बरोबर.”

“पण संध्याकाळी पाय दुखतात ते सगळे माझेच. खुर्चीचे दुखतात का?”

“मास्तर, खुर्चीला संसार नाही,” मालक म्हणाला, “म्हणून तर तिच्या वाट्याचं मी सांभाळतो!”

सगळे हसले. मास्तरही हसले, पण त्या दिवसापासून एक कुतूहल त्यांच्या डोक्यात घर करून राहिले. वस्तू आपली असली म्हणजे नेमके काय होते? तीच खुर्ची, तोच वस्तरा, तीच मान. पण खुर्ची आपली असली तर हात वेगळा चालतो का? हे विचारावे कोणाला? ज्यांच्याकडे वस्तू होत्या त्यांना हा प्रश्न कळत नव्हता आणि ज्यांना कळत होता त्यांच्याकडे वस्तू नव्हत्या.

वस्तीत बचत मंडळ निघाले ते अशा वेळी. एका संस्थेचा हा उपक्रम होता. कमी कमाईच्या माणसांनी दर आठवड्याला थोडे थोडे बाजूला टाकायचे. दोन वर्षे नेम न मोडता टाकले, तर जेवढे जमले तेवढीच भर संस्था घालणार. या भरीला ‘जोड’ म्हणत. अट एकच, पण भक्कम: जोड लावून घेतलेली वस्तू कमाईचे साधन असली पाहिजे. तीन महिन्यांनी पाहणी होईल. वस्तू कमावत नसेल तर जोड परत करायची, ते जमत नसेल तर वस्तू संस्थेकडे जमा. गरिबाने वस्तू घेतली की ती काय करते हे पाहायला माणूस येतो. श्रीमंताच्या दिवाणखान्यातल्या सोफ्याने गेल्या वर्षभरात काय कमावले, हे विचारायला अजून कोणाचा माणूस गेलेला ऐकिवात नाही. असो, अटी घालणाऱ्यांच्या घरी सोफे असतात, त्याला कोण काय करणार.

मंडळ खेळाच्या क्लबमधल्या एका खोलीत भरे. जाळी काढलेल्या टेबल-टेनिसच्या टेबलाभोवती सगळे बसत. संस्थेकडून एक तरुण ताई येत. त्यांनी आल्या आल्या एक पद्धत घालून दिली होती, आणि त्या संस्थेने केलेल्या सगळ्या गोष्टींत ती निःसंशय सर्वांत शहाणपणाची होती. ज्याची वस्तू घ्यायची वेळ येई, त्याने उभे राहायचे. बाकीच्या प्रत्येकाने त्याला एक प्रश्न विचारायचा. सगळ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली तरच खरेदी. याला प्रश्नांची फेरी म्हणत.

ही फेरी म्हणजे मास्तरांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ. बाकीचे लोक ‘केवढ्याला पडणार’, ‘रंग कोणता’ असले काहीतरी विचारून मोकळे होत. मास्तरांचा प्रश्न मात्र नेमका वर्मावर बसे. ओझी वाहणारा एक जण स्वतःची हातगाडी घ्यायला निघाला होता. मास्तरांनी विचारले, “रात्री ठेवणार कुठे?”

हातगाडीवाला गडबडला. “दारात.”

“तुमचं दार गल्लीच्या आत आहे. गल्ली किती रुंद?”

हातगाडीवाल्याने दोन्ही हात फाकवून अंदाज घेतला, मग हातगाडीचा अंदाज घेतला, आणि तोंडात मारल्यासारखा खाली बसला. पुढच्या आठवड्यात त्याने गोदामाच्या रखवालदाराशी बोलून अंगणात जागा ठरवली, मगच गाडी घेतली. वाफेची इस्त्री घ्यायला निघालेल्या बाईला मास्तरांनी विचारले होते, “तुमच्या टपरीची वायर एवढा भार सोसेल?” तिची वायर आधी बदलली गेली. हळूहळू असे झाले की फेरीत बाकीचे प्रश्न विचारायचे सोडून मास्तरांच्या तोंडाकडे पाहू लागले. वस्तू ठेवणार कुठे, चालणार कशावर, मोडली तर दुरुस्त कोण करणार, हे सगळे विचारण्याचे काम त्यांचे. मंडळाने शहाणपणाची ही बाजू एका माणसावर सोपवली आणि सगळे निर्धास्त झाले.

दोन वर्षांची बचत पुरी झाल्यावर अशी एकेकाची पाळी लागत गेली आणि शेवटी मास्तरांची आली. ते उभे राहिले.

“खुर्ची,” ते म्हणाले. “सलूनची. पायाने दांडा दाबला की वर जाणारी, मागे झुकणारी, मान टेकायला उशी असलेली. माझी स्वतःची.”

इस्त्रीवालीने विचारले, “गुळगुळीत असेल ना? केस अडकायचे नाहीत?” हातगाडीवाल्याने विचारले, “वजन किती? आणायला मीच येणार म्हणून विचारतो.” आणखी कोणी रंग विचारला. मास्तरांनी सगळ्यांना पटापट उत्तरे दिली. ताईंनी सगळ्यांकडे पाहिले. “अजून कोणाचा प्रश्न?”

नव्हता. ‘ठेवणार कुठे’ हा प्रश्न मास्तरांचा होता, आणि मास्तर त्या दिवशी उत्तर देणाऱ्याच्या जागी उभे होते.

त्यांच्या मनात जागा नव्हती असे नाही. त्यांनी गृहीत धरले होते की आपली खुर्ची शेठच्या सलूनमध्येच, कोपऱ्यातली जुनी काढून तिथे बसवायची. शेठला जागेचे भाडे द्यायचे. अर्ध्याचा हिशेब संपला. इतके सरळ होते की शेठने नाही म्हणायचे कारणच नव्हते. पण जगाला प्रश्न विचारत फिरणाऱ्या या माणसाने शेठला मात्र दोन वर्षांत हे विचारले नव्हते. उत्तर ‘नाही’ आले असते तर दर आठवड्याला पैसे बाजूला टाकायला हात उठला नसता. म्हणून त्यांनी तो प्रश्न शिल्लक ठेवला होता, आवडीचा घास शेवटी ठेवावा तसा. फरक एवढाच की तो घास गोड निघेल याची खात्री नव्हती.

खुर्ची घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले.

मालकाने शांतपणे ऐकून घेतले. “मास्तर, अभिनंदन. मनापासून. पण माझ्या दुकानात माझ्याच खुर्च्या राहणार.”

“जागेचं भाडं देतो ना, शेठ.”

“आज तुमची आली, उद्या दुसऱ्या कारागिराची येईल. मग मी काय, आरशांचा मालक म्हणून बसू?” त्याने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्ही आहात तसे राहा. मी कुठे काढतोय तुम्हाला?”

त्याचेही चुकले होते असे म्हणता येत नाही. ज्याचे पोट ज्या खुर्चीवर चालते तो तिच्या शेजारी परकी खुर्ची का ठेवील?

तर खुर्ची घरी आली. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, आत एक पलंग, एक कपाट, एक ओटा आणि तीन माणसे. हातगाडीवाला आणि त्याचे दोन सोबती खुर्ची जिन्यावरून चढवताना प्रत्येक वळणावर थांबत आणि प्रत्येक वळणावर हातगाडीवाला म्हणे, “मास्तर, वजन विचारलं तेव्हा तुम्ही ‘फार नाही’ म्हणाला होतात!”

“फार नाहीच,” मास्तर खालून म्हणाले, “तुम्हा तिघांना मिळून.”

खुर्ची बसवायला एकच जागा होती, खिडकीपाशी. तिच्या पायथ्याच्या जड तबकडीने पलंग भिंतीला रेटला गेला आणि कपाटाचे दार अर्धेच उघडू लागले. मास्तरांची बायको कंबरेवर हात ठेवून हे पाहत होती.

“आता माझ्या घरात बसून तुम्ही रोज हिला पाहत राहणार?”

“चार दिवसांचा प्रश्न आहे गं. जागा शोधतो.”

“आणि तोवर इथेच दोन-चार डोकी उरकायची म्हटलं तर?”

“घरमालक काय म्हणतो माहीत आहे ना? खोलीत धंदा केला तर खोली खाली करा.”

मास्तरांची आई हे सगळे पलंगावरून ऐकत होती. म्हातारीचे गुडघे कामातून गेले होते. त्या बुटक्या पलंगावरून उठायला तिला दोन माणसे लागत, आणि म्हणून ती दिवसातून अगदी निकडीपुरतीच उठे. कित्येक वर्षे तिला खिडकीतून फक्त समोरच्या इमारतीचा वरचा कठडा आणि आभाळाचा एक तुकडा दिसत आला होता. तिने खुर्चीकडे बोट दाखवले.

“मला बसव त्यात. बघू दे काय एवढं आणलंयस ते.”

दोघांनी धरून तिला बसवले. मास्तरांनी पायाने दांडा दाबला. खुर्ची हलक्या सुस्काऱ्यासारखा आवाज करत वर गेली. आणखी दाबला, आणखी वर. म्हातारीचे डोके खिडकीच्या पट्टीच्या वर आले आणि तिने हाताचे दांडे घट्ट धरले.

“काय झालं, आई? चक्कर आली?”

“अरे,” म्हातारी म्हणाली, “रस्ता आहे की खाली!”

त्या दिवसापासून ती उतरेना. उठायलाही आता एकच माणूस पुरे. खुर्ची खाली आणली, थोडी पुढे वळवली, की म्हातारी हाताच्या दांड्यांना धरून स्वतःच उभी राही. जेवण तिथे, दुपारची डुलकी तिथे. मास्तरांच्या अंगातली चौकशीची खोड कोणाकडून आली होती, हे त्यांच्या बायकोला लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्या खुर्चीमुळे कळले. म्हातारी दिवसभर रस्ता वाचत असे. “ती पिवळ्या छत्रीची बाई आज लवकर आली.” “औषधांच्या दुकानातला पोरगा शेजारणीशी बोलताना केसांतून हात फिरवतो, काहीतरी आहे.” “मेला तो फळवाला वजनाच्या काट्याकडे स्वतः उभा राहतो, गिऱ्हाइकाला बघू देत नाही.” संध्याकाळी मास्तर आले की ती त्यांना दिवसभराचा वृत्तान्त देई, आणि सलूनमध्ये सगळ्या जगाला प्रश्न विचारून थकलेला तो माणूस खाटेवर बसून उलट आईलाच खोदून खोदून विचारत बसे.

“सासूबाईंना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं,” बायको शेजारणीला म्हणाली. “आता ऐकते. पहाटेपासून.”

इकडे जागा मिळत नव्हती. रस्त्याला लागून असलेल्या प्रत्येक गाळ्याची अनामत ऐकून मास्तर दोन पावले मागे सरत. एका जागेत ओल होती, दुसरीत पाण्याचा नळ नव्हता, तिसरीच्या मालकाला सलून नको होते. ‘केस उडतात’ म्हणे. इस्त्रीवालीला विचारून पाहिले तर तिने कपाळावर हात मारला. “मास्तर, माझ्या टपरीत पांढरे शर्ट टांगलेले असतात. तुमचा एक केस कॉलरवर गेला तर गिऱ्हाइकाची बायको त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघेल!”

मंडळाच्या बैठकीत ताईंनी सांगितले की पाहणीसाठी मुख्य कार्यालयातून साहेब पुढच्या आठवड्याच्या शेवटी येणार. मास्तरांकडे बघताना त्यांचा आवाज खाली आला. “मास्तर, खुर्ची कुठेतरी चालू झालेली दिसली पाहिजे हो. नाहीतर माझ्या हातात काही राहत नाही. जोड परत, नाहीतर खुर्ची जमा.”

“जोड परत करायला पैसे असते तर जोड कशाला लागली असती, ताई?”

अशा प्रश्नांची उत्तरे संस्थेत वरच्या मजल्यावर असावीत अशी सर्वांची समजूत असते. वरच्या मजल्यावरच्यांची समजूत काय असते ते कळायला मार्ग नाही.

हातगाडीवाल्याला स्वतःच्या फेरीची आठवण होती. “माझ्या गाडीवर बसवू या. फिरतं सलून! गिऱ्हाईक आपल्याकडे नाही, आपण गिऱ्हाइकाकडे.” कल्पना सगळ्यांना आवडली; मास्तरांना तर फारच, कारण गाडीवरच्या खुर्चीतून रस्ता कसा दिसत असेल याचे त्यांना कुतूहल होते. सुट्टीच्या दिवशी खुर्ची खाली आणून गाडीला दोरांनी आवळली. म्हातारी त्या वेळी पलंगावर बसून समोरच्या कठड्याकडे पाहत होती. पहिले गिऱ्हाईक म्हणून औषधांच्या दुकानाचा मालक चढला. तोंडाला फेस लागला, आणि रस्त्याच्या उताराने गाडी तसूभर सरकली. हातगाडीवाल्याने चाकाखाली दगड सारला, दगड उडाला. औषधवाला खुर्चीसकट हळूहळू, मोठ्या दिमाखात, चौकाच्या दिशेने निघाला. “मास्तर! अहो मास्तर, ब्रेक कुठे आहे?” मास्तर वस्तरा उंच धरून मागे धावत होते. कोपऱ्यावरच्या खांबाला गाडी टेकून थांबली तेव्हा औषधवाला उतरला, फेस तसाच ठेवून घरी गेला आणि दाढी स्वतः केली.

खुर्ची परत वर आली. म्हातारी परत बसली. मास्तर पलंगावर डोक्याला हात लावून बसले.

“शनिवारी साहेब येणार,” ते म्हणाले. “घेऊन जातील.”

बायकोने चहाचा कप त्यांच्या हातात दिला. “मग देऊन टाका. दोन वर्षं गेली असं समजू.”

“जोड त्यांची, पण अर्धी तर माझी आहे ना? अर्धी खुर्ची कशी परत देणार? हात त्यांना आणि पाय मला?”

कोणी हसले नाही. म्हातारी खिडकीबाहेर पाहत होती. तोंड बाहेरच ठेवून ती म्हणाली, “समोरचा कुलूपवाला दुपारपर्यंत शटर उघडत नाही.”

“कोणता?”

“तो चाव्या करणारा. सकाळी पिशवी घेऊन लोकांच्या घरी जातो, ज्यांची दारं अडकलीत त्यांची उघडायला. जेवायच्या वेळेनंतर येतो. तोवर त्याची जागा बंदच असते. रोज. आत नळ आहे. तो हात धुतो तेव्हा पाणी बाहेर गटारात येतं, इथून दिसतं.”

मास्तरांनी कप खाली ठेवला. “आई, हे तुला कधी कळलं?”

“कळलं.”

“कधी?”

म्हातारीने खुर्चीच्या हातावर बोटे फिरवली. “खुर्ची आली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. तुला सांगितलं असतं तर तू ही घेऊन गेला असतास. मी म्हटलं, अजून दोन दिवस बसू. मग अजून दोन दिवस. काय करू रे, इतक्या वर्षांनी माणसं दिसत होती.”

बायकोने तोंड ओट्याकडे वळवले आणि धुतलेलेच भांडे पुन्हा धुवायला घेतले. रागवावे अशी जागा होती, पण राग कुठे ठेवावा हे मास्तरांना कळेना.

कुलूपवाला तिरसट माणूस. दुपारी मास्तर त्याच्यासमोर उभे राहिले तेव्हा तो एका जुन्या कुलपाच्या पोटात तार घालून कान लावून बसला होता.

“सकाळची जागा तुम्ही वापरणार?” तो वर न पाहता म्हणाला. “आणि खुर्ची? ती रोज दुपारी घरी जाणार का चालत?”

“ती इथेच राहील. तुमच्या गिऱ्हाइकाला बसायला होईल.”

“माझं गिऱ्हाईक बसतच नाही. माझ्या डोक्यावर उभं राहतं. ‘झालं का, झालं का, झालं का.’” त्याने पहिल्यांदा मान वर केली. “ती खुर्ची मागे झुकते?”

“पूर्ण.”

“मग झुकवून ठेवा. झोपलं तर गप्प तरी बसेल. भाडं किती देणार?”

दोघांचे जमले. सलूनच्या मालकाला मास्तरांनी सांगितले की सकाळी आता मी येणार नाही, दुपारनंतर येईन. मालक बराच वेळ गल्ल्याचा ड्रॉवर उघडझाक करत राहिला. “बघा, मास्तर, दुपारची गिऱ्हाइकं इथलीच समजा, त्यांना सकाळी तिकडे बोलवू नका.” “शेठ, त्यांना मी कुठे काही सांगतोय? वस्तरा गळ्यावर असला तरी सांगणार नाही.” शेठ न हसता मान हलवून आत गेला.

शनिवारी खुर्ची कुलूपवाल्याच्या गाळ्यात होती आणि तिच्यात लिफ्ट दुरुस्त करणारा अर्धे गाल फेसात घेऊन बसला होता, तेव्हा ताईंबरोबर साहेब आले. मध्यमवयीन, खांद्याला पिशवी, डोळ्यांखाली थकवा. दिवसभरात अशा किती वस्तूंची पाहणी करायची होती कोण जाणे.

“ही वस्तू कमाई करते का?” साहेबांनी दारात उभे राहून विचारले.

“करते की,” लिफ्टवाला म्हणाला. “मीच देणार आहे. फक्त तुम्ही जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय.”

साहेब बाजूला झाले. त्यांनी हातातल्या कागदावर काहीतरी खूण केली. मास्तरांना राहवले नाही.

“साहेब, एक विचारू? तुमच्या घरातल्या कोणत्या वस्तू कमावतात?”

ताईंनी डोळे मोठे केले. साहेबांनी मात्र खरेच विचार केला. “फ्रीज नाही,” ते म्हणाले. “टीव्ही नाही. मुलगा अजून नाही.” मग ते हसले, आणि थकलेला माणूस हसला की त्याचे वय क्षणभर कमी दिसते तसे त्यांचे झाले.

“या खुर्चीत तीन महिने माझी आई बसायची. तिला रस्ता दिसायला लागला. हे कुठे लिहिता येईल का?”

साहेबांनी हातातल्या कागदावरून नजर फिरवली. “‘घरगुती वापर’ म्हणून लिहिता येईल. पण मग खुर्ची नापास होते.”

“तर राहू द्या,” मास्तर म्हणाले आणि लिफ्टवाल्याच्या दुसऱ्या गालाकडे वळले.

खुर्ची पास झाली. तिच्या मागे उभे राहून हात वेगळा चालतो का, याचा मास्तर पहिले काही दिवस अगदी बारकाईने शोध घेत होते. हात तसाच चालत होता. पाय संध्याकाळी तसेच दुखत होते. फरक पडला तो एवढाच, की गिऱ्हाइकाने “जरा वर करा” म्हटले की दांड्यावर पाय ठेवण्याआधी ते क्षणभर थांबत. का थांबतात, हे त्यांना स्वतःलाच विचारूनही सांगता येत नसे.

मंडळाची बचत पुन्हा नव्याने सुरू झाली तेव्हा ताईंनी उत्साहाने त्यांना उभे केले. “मास्तर, आता दुसरी खुर्ची? म्हणजे दोन कारागीर, पूर्ण दुकान!”

“खुर्चीच,” मास्तर म्हणाले. “पण आईसाठी. उंच, हाताचे दांडे असलेली, खिडकीला पुरेल अशी.”

ताई हळूच म्हणाल्या, “त्याला जोड मिळणार नाही, मास्तर. ती कमाईची नाही.”

“माहीत आहे. माझ्या एकट्याच्या पैशांत बसेल तेवढीच घेईन. तुम्ही फक्त पैसे इथे ठेवून घ्या. घरात ठेवले तर राहत नाहीत.”

“अशी पद्धत नाही...”

“ठेवून घ्या हो, ताई,” इस्त्रीवाली म्हणाली. “पैसे पैशांसारखेच दिसतात. त्यांना कुठे कळतंय कोणासाठी आहेत ते?” आणि ताई पुढचे काही बोलण्याआधी ती उभी राहिली. “आणि फेरी व्हायची राहिली. मी विचारते. मास्तर, आईंना कशी खुर्ची हवी ते त्यांना विचारलंत का?”

मास्तर उभ्या उभ्याच दाराकडे वळले.

“थांबा, अजून दोघांचे प्रश्न आहेत,” ताई म्हणाल्या.

“आधी याचं उत्तर आणतो,” म्हणून ते निघालेच.

तिसऱ्या मजल्यावर म्हातारी बुटक्या पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. खिडकीतून कठडा दिसत होता आणि खालून माणसांच्या बोलण्याचा गलका वर येत होता. मास्तर धापा टाकत तिच्यापुढे बसले.

“आई, मला सांग, तुला कशी खुर्ची—”

“ते राहू दे,” म्हातारी म्हणाली. “केव्हाची ऐकतेय मी. आधी सांग, खाली त्या फळवाल्यापाशी एवढी भांडणं कसली चालली आहेत?”

मास्तर उठून खिडकीपाशी गेले आणि पाहू लागले.